वाचकांचे प्रश्न: ई-गाडी घेतली, आता प्लग कुठे लावू?

ई-गाड्यांबद्दल काय विचारायचं ते विचारा असं मागच्या अंकात म्हटलं होतं आणि पत्रं, ईमेल, व्हॉट्सॲप सगळीकडून एवढं आलंय की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. म्हणून ज्या एका प्रश्नात बऱ्याच जणांचा प्रश्न येतो असे निवडलेत. नावं छापत नाही, गाव आणि काम तेवढं दिलंय. आधीच एक सांगते, कुठली गाडी घेऊ हे विचारणारे कमी निघाले, गाडी लावू कुठे, चार्ज कुठे करू, वायर कोण ओढू देईल हे विचारणारे खूप. सरकारचं धोरण अजून मुख्यतः शोरूममध्ये आहे, म्हणजे पैसा गाडीच्या किमतीवर खर्च होतोय आणि माणूस अडलाय पार्किंगमध्ये. खालची उत्तरं वाचताना हे पुन्हा पुन्हा दिसेल.

ताई, आमची चार मजल्यांची जुनी सोसायटी आहे. मी ई-स्कूटर घेतली पण कमिटी पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला तयार नाही, आग लागली तर जबाबदार कोण म्हणतात. सध्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडून चार्ज करतो, आता तीही बंद करा म्हणून नोटीस लावलीये. कायदा माझ्या बाजूने आहे की त्यांच्या?
– बँक कर्मचारी, डोंबिवली

आधी ती खिडकीतली वायर काढा, आजच. या एका बाबतीत कमिटीचं बरोबर आहे. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर तासन् तास सलग करंट ओढायला बनवलेलीच नसते, जोड असतो तिथे गरम होते, पावसात भिजते, खाली पोरं खेळत असतात. स्कूटर आणि चार्जर चांगले असले तरी अशा वायरनं घात होऊ शकतो, आणि झालाच तर त्या बिल्डिंगमध्ये पुढची दहा वर्षं कुणाला ई-गाडीचं नाव काढता येणार नाही.

आता कायद्याचं. केंद्राचे वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम २०२० साली आले आणि फेब्रुवारी २०२४मध्ये त्यात दुरुस्ती झाली, त्यात स्पष्ट आलंय की ग्राहकाला ई-गाडी चार्ज करायला वेगळं वीज कनेक्शन मागता येतं. अर्ज सगळ्या कागदांसकट पूर्ण असेल तर नवं कनेक्शन महानगरात ३ दिवसांत, इतर महापालिका-नगरपालिका भागात ७ दिवसांत आणि खेड्यात १५ दिवसांत द्यायचं आहे. दुसरं, ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्वतःच्या घरच्या चालू कनेक्शनवरही तुम्ही तुमची गाडी चार्ज करू शकता, त्यासाठी लायसन्स वगैरे काही लागत नाही. आणि आपल्या राज्यात स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचा जो दर आहे तोच लागतो, म्हणजे घराला घरगुती. फक्त घरगुती बिलाचे टप्पे असतात हे विसरू नका, तुमचं घर महिन्याला २८० युनिटवर असेल आणि स्कूटरचे ४० वाढले तर ३००च्या वरच्या युनिटांना वरचा दर बसतो. शोरूममधला माणूस प्रति किलोमीटर इतके पैसे असं जे सांगतो त्यात हे धरलेलं नसतं.

म्हणजे कायदा तुमच्या बाजूने आहे पण घोडं अडतंय दुसरीकडे. महावितरण कनेक्शन देईल, पण मीटर रूमपासून तुमच्या गाडीपर्यंतची केबल सोसायटीच्या भिंतीवरून जाणार आणि ती भिंत सगळ्यांच्या मालकीची. वीज कंपनीला दिवस ठरवून दिलेत, सोसायटीनं टाळाटाळ केली तर तिला जाब विचारायला रोजच्या व्यवहारात कुणीच नसतं, आणि माझ्या मते या सगळ्या धोरणातलं सगळ्यात मोठं भोक हेच आहे.

कमिटीची आगीची भीती खोटी समजू नका. मार्च २०२२मध्ये पुण्यात लोहगावला उभ्या ई-स्कूटरनं पेट घेतला तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय आणि त्या उन्हाळ्यात देशात अशा बऱ्याच घटना झाल्या. त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या सुरक्षेचं मानक, एआयएस-१५६ नावाचं, कडक केलं, पहिला टप्पा डिसेंबर २०२२पासून आणि दुसरा मार्च २०२३ अखेरपासून. एक सेल तापला तर शेजारचे पेटू नयेत, बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक्स नीट असावी अशा चाचण्या त्यात आल्या. तुमची स्कूटर त्यानंतर बनलेली असेल तर त्याचा कागद डीलरकडून घ्या आणि कमिटीपुढे ठेवा, नुसतं "काही होत नाही हो" म्हणून कुणाचं समाधान होणार नाही.

लोडचं पण सांगा त्यांना. साधारण ई-स्कूटरचा घरचा चार्जर हजार वॉटच्या आतबाहेर असतो आणि बाथरूममधला गिझर दोन हजार वॉटचा. स्कूटरची बॅटरी ३ किलोवॉट-तासांची (एक किलोवॉट-तास म्हणजे एक युनिट) असेल तर रिकामी ते फुल व्हायला साडेतीन युनिटच्या आसपास लागतात. कारचं वेगळं, तिला साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीन-सव्वातीन किलोवॉट रात्रभर लागतात, तिथे वायरिंग खरंच तपासून घ्यावं लागतं.

करायचं काय तर लेखी अर्ज द्या, तोंडी बोलून वर्ष जातं. अर्जात हे लिहा की काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेणार, केबल पाइपमधून जाणार, लोड जास्त झाला की आपोआप पडणारा वेगळा एमसीबी आणि शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी लावणार, अर्थिंगचा टेस्ट रिपोर्ट देणार, पॉइंट जिन्याखाली किंवा मीटर रूमला चिकटून नसणार, आणि सगळा खर्च तुमचा. सोबत हातानं काढलेला का होईना केबलच्या मार्गाचा नकाशा जोडा. पोच घ्या, उत्तर लेखी मागा, नकार दिला तर कारणासकट द्या म्हणा आणि विषय वार्षिक सभेच्या अजेंड्यावर घ्यायला लावा म्हणजे तो मिनिट्समध्ये येतो. तरी ऐकलं नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, तिथे हे कागदच कामाला येतात. आणि शक्य असेल तर एकटे जाऊ नका, बिल्डिंगमध्ये ई-गाडी घ्यायच्या विचारात असलेले दोन-तीन जण तरी असतातच, सगळ्यांच्या सह्या घ्या. एकट्याची मागणी हट्ट वाटते, चौघांची सोय वाटते.

मॅडम, मी वाकडला मोठ्या सोसायटीत भाड्यानं राहतो. इथे पार्किंग दर वर्षी लॉटरीनं बदलतं आणि घरमालक म्हणतात स्वतःच्या खर्चानं पॉइंट घे, सोडून जाताना काढून ने. ई-कार घ्यायची खूप इच्छा आहे पण हे बघून धीर होत नाही.
– आयटीत नोकरी, पुणे

तुमच्या ठिकाणी वैयक्तिक पॉइंटमध्ये पैसे घालू नका. पुढच्या वर्षी तुमचं पार्किंग बेसमेंटच्या दुसऱ्या टोकाला गेलं की ती केबल तिथेच राहणार. तुमच्यासारख्या सोसायट्यांना एकच मार्ग चालतो, सोसायटीनं चार्जिंगसाठी स्वतःच्या नावावर एक वेगळं कनेक्शन घ्यायचं आणि पाहुण्यांच्या पार्किंगजवळ किंवा कुठल्या कॉमन जागेत चार-सहा पॉइंट करायचे, ज्यानं जितकी वीज घेतली त्याचं बिल त्याला. सोसायटीला असं बिल घेता येईल का ही शंका नेहमी निघते, तर एप्रिल २०१८मध्येच ऊर्जा मंत्रालयानं खुलासा केलाय की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री धरली जात नाही, ती सेवा आहे, त्यामुळे वीज कायद्याखाली लायसन्स लागत नाही.

ट्रान्सफॉर्मरला एवढा लोड झेपणार नाही असं कमिट्या म्हणतात, तो मुद्दा मात्र तुमच्याकडे खरा आहे. ७ किलोवॉटचे पन्नास चार्जर संध्याकाळी आठला, सगळ्यांचे एसी चालू असताना एकदम लागले तर साडेतीनशे किलोवॉट झाले, कुठली सोसायटी एवढा लोड मोकळा ठेवत नाही. पण गाडी रात्रभर उभी असते, तिला आठलाच वीज हवी असं काही नाही, लोड आपापसात वाटून घेणारे चार्जर मिळतात, ते रात्री पाळीपाळीनं भरतात. कमिटी कोटेशन मागवेल तेव्हा हे असलेलंच मागवा, नाहीतर नंतर नवा ट्रान्सफॉर्मर बसवायचा खर्च निघतो आणि मग सगळी योजनाच बारगळते.

महाराष्ट्राच्या २०२५च्या ई-वाहन धोरणात नवीन रहिवासी इमारतींचं सगळं पार्किंग चार्जिंगला तयार असावं, म्हणजे पाइप-वायरिंग-लोड आधीच असावं, आणि निदान एक सामाईक चार्जर चालू असावा असं म्हटलंय. चांगली गोष्ट आहे. पण आपण सगळे राहतो ते आधी बांधलेल्या इमारतींत! पुणे, ठाणे, नाशिकमध्ये उद्या विकल्या जाणाऱ्या ई-गाड्यांतल्या बहुतेक याच जुन्या इमारतींत येऊन उभ्या राहणार आहेत आणि तिथे केबल टाकण्यासाठी सोसायटीच्या हातात थेट पैसा द्यायला हवा, गाडीवर दहा हजार कमी करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असता असं माझं स्पष्ट मत आहे. एका गाडीची सबसिडी एका माणसाला मिळते, पार्किंगमधली केबल त्या बिल्डिंगमध्ये पुढे येणाऱ्या प्रत्येकाला.

भाडेकरूंनी एक करायचं, पुढच्या ॲग्रीमेंटच्या वेळी चार्जिंगची परवानगी लिहून घ्यायची. घरमालकाला त्याचा काही खर्च नाही आणि सोसायटीत तुमच्या वतीनं अर्ज त्यालाच करावा लागतो.

एका शोरूममध्ये म्हणतात सबसिडी संपली, दुसरीकडे म्हणतात केंद्राची आणि राज्याची दोन्ही मिळेल, तिसरा म्हणतो थांबा, नवी येणार आहे. खरं काय आणि थांबावं का?
– शिक्षिका, नाशिक

तिघेही थोडं थोडं खरं बोलतायत आणि तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे कारण गेल्या काही वर्षांत हे इतक्यांदा बदललंय. केंद्राची फेम-२ योजना एप्रिल २०१९मध्ये सुरू झाली. दुचाकीला आधी बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला १० हजार रुपये होते, जून २०२१मध्ये ते १५ हजार केले, जून २०२३मध्ये परत १० हजार आणि वर गाडीच्या किमतीच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली, आधी ती ४० टक्के होती, त्यामुळे एका रात्रीत गाड्या महागल्या. मार्च २०२४ला फेम-२ संपली, मग सहा महिने मधली एक योजना, तिच्यात ५ हजार. ऑक्टोबर २०२४पासून १० हजार ९०० कोटींची पीएम ई-ड्राइव्ह, तिच्यात पहिल्या वर्षी ५ हजार आणि दुसऱ्या वर्षी अडीच हजार, एका गाडीला जास्तीत जास्त पहिल्या वर्षी १० हजार आणि दुसऱ्या वर्षी ५ हजार रुपये. ऑगस्ट २०२५मध्ये योजना २०२८पर्यंत वाढवली पण तेव्हा दुचाकी-तीनचाकीला ३१ मार्च २०२६ हीच तारीख ठेवली. घरगुती वापराच्या कारला या योजनेत काही नाही, हे कारवाल्यांनीही लक्षात घ्या. म्हणजे २०२३पासून सबसिडी खालीच येत गेलीये, त्यामुळे वाढेल या आशेवर थांबू नका.

राज्याचं वेगळं. मे २०२५च्या शासन निर्णयानं जे धोरण आलं ते मार्च २०३०पर्यंत आहे, त्यासाठी १,९९३ कोटी ठेवलेत, आणि दुचाकीला मूळ किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त १० हजार रुपये सवलत आहे, तीही ठरावीक संख्येच्या गाड्यांपर्यंत. शिवाय ई-गाडीला मोटार वाहन कर माफ आहे. ३० लाखांवरच्या ई-गाड्यांना ६ टक्के कर लावायचा विचार २०२५च्या अर्थसंकल्पात होता, तो मुख्यमंत्र्यांनी त्याच अधिवेशनात मागे घेतला.

यात समजून घ्यायची गोष्ट अशी की हे पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत. कंपनी तुम्हाला तेवढी किंमत कमी करते आणि सरकारकडून नंतर मागून घेते, सरकारकडून यायला उशीर झाला की डीलर कां-कू करायला लागतो. म्हणून शोरूममध्ये तोंडी आकडा ऐकू नका, कोटेशन छापील घ्या, त्यात एक्स-शोरूम किंमत, केंद्राची सवलत, राज्याची सवलत, इन्शुरन्स, पासिंग असं वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे. केंद्राची सवलत चालू असेल तर तिच्यात आधारवरून चेहऱ्याची ओळख पटवून ई-व्हाउचर निघतं आणि एका आधारवर एकच गाडी, त्यामुळे गाडी ज्याच्या नावावर घेणार तो माणूस सोबत न्या. चार्जर किमतीत धरलाय की वेगळा ते विचारा, कारण फेम-२च्या काळात काही मोठ्या कंपन्यांनी चार्जरचे पैसे वेगळे घेतले होते, चौकशी झाली आणि २०२३मध्ये त्यांना ते ग्राहकांना परत करावे लागले.

आणि हिशेब करताना पेट्रोलच्या गाडीची आजची किंमत धरा. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकीचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, ई-गाडीचा २०१९पासून ५ आहे तो ५च राहिला. म्हणजे कराच्या बाबतीत ई-गाडीचा जो २३ टक्क्यांचा फायदा होता तो १३ उरला. एका हातानं सबसिडी कमी करायची आणि दुसऱ्या हातानं पेट्रोलची गाडी स्वस्त करायची, लोकांना हायसं वाटलं हे खरं, पण ई-गाड्या वाढाव्यात असं मनापासून वाटत असेल तर ही दोन पावलं एकाच वेळी पडायला नको होती. तुमचं शाळेत जाणं-येणं रोजचं तीस-चाळीस किलोमीटर असेल आणि घरी पॉइंट असेल तर आजही ई-स्कूटर परवडते. रोजचे पाच-सात किलोमीटर असतील तर पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील.

मुलगी सोळा वर्षांची आहे, क्लासला जायला बिनलायसन्सची ई-स्कूटर घ्यावी म्हणतो. दुकानदार म्हणतो स्पीड नंतर वाढवून देतो.
– किराणा दुकानदार, जळगाव

नका घेऊ, निदान त्या दुकानातून नका घेऊ. ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग आणि २५० वॉटपर्यंतची मोटर असेल तरच ती गाडी नोंदणी आणि लायसन्सच्या बाहेर राहते. वेग वाढवला की ती बेकायदा मोटारसायकल झाली, नंबर नाही, इन्शुरन्स नाही, चालवणारी सोळा वर्षांची. अपघात झाला तर समोरच्याची भरपाई तुमच्या खिशातून आणि गुन्हा पालकांवर. मोटर आणि बॅटरी जेवढ्या वेगासाठी बनवली त्यापेक्षा जास्त ओढायला लावलं तर गरम होते ते वेगळंच. चाचणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा, नसेल तर सरळ दुसरं दुकान बघा.

आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटर, द्राक्षबाग आहे. लाईट कधी असते कधी नसते, व्होल्टेज कमी. मुलगा ई-स्कूटर घेऊ म्हणतो. पंपाच्या कनेक्शनवर चार्ज केली तर चालेल का?
– शेतकरी, तासगाव तालुका

दादा, पंपाच्या कनेक्शनला गाडी लावायचा मोह टाळा. ते शेतीच्या कामाला दिलेलं कनेक्शन आहे, साडेसात एचपीपर्यंत तर बिलही सरकार भरतंय, दुसऱ्या कामाला वापरलं तर वीज कायद्याच्या कलम १२६खाली अनधिकृत वापर म्हणून दंडाचं बिल येऊ शकतं. घरगुती सिंगल फेज मीटर असेल तर स्कूटरला तो पुरे.

व्होल्टेज फार पडलं की चार्जर आपोआप बंद होतो आणि तुम्हाला सकाळी कळतं की गाडी भरलीच नाही. तेव्हा आधी घरात रात्री दहा ते पहाटे पाच व्होल्टेज किती राहतं हे वायरमनकडून मीटर लावून बघून घ्या, बहुतेक वस्त्यांवर रात्री उशिरा बरं असतं. बॅटरी काढून घरात नेता येणारी गाडी घेतलीत तर बागेतल्या शेडपर्यंत वायर ओढायचा प्रश्न उरत नाही.

तरी माझ्या मते तुमची खरी अडचण सर्व्हिस सेंटर आहे. पेट्रोलची गाडी गावातला मेकॅनिक उघडतो, ई-स्कूटरचा कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेला तर तो हात लावू शकत नाही आणि लावला तर वॉरंटी जाते. कंपनीचं सेंटर लांबच्या शहरात असेल आणि तिथे पार्ट यायला आठवडा लागत असेल तर तेवढे दिवस काय करणार याचा विचार करा. तासगावात किंवा फार तर मिरजेत ज्या कंपनीचं चालू सेंटर आहे तीच घ्या, मग तिची रेंज थोडी कमी का असेना. राज्याच्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशनचं उद्दिष्ट आहे, पण वस्तीवरच्या माणसाला महामार्गावरच्या चार्जरचा काय उपयोग, त्याला तालुक्याच्या गावात गाडी दुरुस्त करणारी शिकलेली पोरं हवीत. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये ई-दुचाकी दुरुस्तीची एक तुकडी निघाली तर अर्ध्या खेडेगावांची भीती जाईल.

समृद्धीवर ई-कारला टोल माफ ना? मग माझ्या फास्टॅगमधून पैसे का गेले?
– डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू या तीन ठिकाणी ई-कार आणि ई-बसना पूर्ण माफी आहे, ऑगस्ट २०२५पासून अंमलबजावणी सुरू झाली. पण टोलची यंत्रणा गाडीचा फास्टॅग वाचते, हिरवी पाटी बघत नाही, तुमच्या टॅगची गाडी तिच्या यादीत ई-वाहन म्हणून आलेली नसेल तर पैसे कापले जातात. अशा इतक्या तक्रारी झाल्या की डिसेंबर २०२५च्या नागपूर अधिवेशनात विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी आठ दिवसांत माफी नीट लागू करा आणि घेतलेले पैसे परत द्या असे निर्देश सरकारला दिले. तुम्ही फास्टॅगच्या बँकेत आरसीची प्रत देऊन इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिक आहे ना ते तपासा आणि कापलेल्या प्रत्येक टोलचा मेसेज जपून ठेवा, परतावा मागताना लागेल. पुणे-सातारा-कोल्हापूर हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा रस्ता आहे, तिथला टोल या तीन रस्त्यांच्या माफीत येत नाही.

आठ वर्षांनी बॅटरी बदलायला गाडीच्या निम्मी किंमत लागते म्हणतात. निवृत्तीच्या पैशातून कार घ्यायची आहे, भीती वाटते.
– निवृत्त, ठाणे

काका, भीती समजू शकते पण अर्धवट माहितीवर आहे. बहुतेक ई-कारच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी असते, आणि आठव्या वर्षी बॅटरी मरत नाही, तिची क्षमता हळूहळू कमी होते. अडीचशे चालायची ती दोनशे चालेल, शहरात फिरायला तीही पुष्कळ. वॉरंटीच्या कागदात क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार हे लिहिलेलं असतं तेवढं वाचा, आणि गाडी विकली तर वॉरंटी पुढच्या मालकाला जाते का तेही, जुन्या ई-गाडीला भाव येत नाही त्याचं अर्धं कारण हेच आहे.

सरकारनं मात्र इथे एक गोष्ट करायलाच हवी. बॅटरी गाडीसोबत घेतली तर ५ टक्के जीएसटी, तीच नंतर सुटी घेतली तर १८. म्हणजे नवी गाडी घेणाऱ्याला सवलत आणि जुनी टिकवणाऱ्याला दंड. सार्वजनिक चार्जरवर गाडी भरली तरी त्या बिलावर १८ टक्केच लागतो, म्हणजे ज्याला घरी पॉइंट मिळत नाही त्यालाच जास्त कर, हे अन्यायाचं आहे आणि ते बदलायला नवं धोरण लागत नाही, जीएसटी परिषदेचा एक निर्णय पुरतो.

जुन्या बॅटरीचं काय करायचं असंही तुम्ही विचारलंय, तर बॅटरीच्या कचऱ्याबद्दलच्या २०२२च्या नियमांनी ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकलीये. भंगारवाल्याला देऊ नका.

ताई मी पिंक ई-रिक्षाचा फॉर्म भरलाय. रिक्षा मिळेल पण मी भाड्याच्या एका खोलीत राहते, मीटर मालकाचा, तो म्हणतो रिक्षा इथे लावायची नाही. बाहेर चार्ज केली तर रोजचे किती जातील आणि हप्ता कसा भरू?
– सोलापूर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बायकांना ई-रिक्षा मिळवून देणाऱ्या या योजनेत रिक्षाच्या किमतीचे २० टक्के राज्य सरकार देतं, तुमचे १० टक्के आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. परमिटची अडचण नाही, केंद्रानं ऑक्टोबर २०१८मध्येच बॅटरीवरच्या प्रवासी गाड्यांना परमिटातून सूट दिलीये. थर्ड पार्टी इन्शुरन्सही ई-गाडीला १५ टक्के स्वस्त आहे. एवढं सगळं जुळवून आणलं पण बाईनं रात्री रिक्षा उभी कुठे करायची याचा विचार योजनेत दिसत नाही, आणि ज्या बायकांसाठी ती आहे त्यांच्यातल्या कितीतरी जणी तुमच्यासारख्याच भाड्याच्या खोलीत, चाळीत, वस्तीत राहतात, पार्किंग ही वस्तूच नाही तिथे.

गाडी ताब्यात घेण्याआधी हा प्रश्न सोडवा, नंतर नाही, कारण हप्ता पहिल्या महिन्यापासून चालू होतो. मालकाशी एकदा शांतपणे बोलून बघा, वेगळं सब-मीटर माझ्या खर्चानं लावते, जेवढे युनिट होतील त्याचे पैसे दर आठवड्याला देते असं सांगा, काही मालक बिलाच्या भीतीनं नाही म्हणतात, आगीच्या नाही. तो ऐकला नाही तर तुमच्या भागात फॉर्म भरलेल्या बाकीच्या बायका शोधा, महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयातून योजना चालते, तिथे त्या भेटतील. आठ-दहा जणींनी मिळून महापालिकेला एकच अर्ज द्या की अमुक ठिकाणची पालिकेची मोकळी जागा रात्री रिक्षा लावायला द्या आणि पालिकेनं तिथे चार्जिंगचं कनेक्शन घ्यावं, वापरलेल्या विजेचे पैसे आम्ही देऊ. जागा तुम्हीच शोधून अर्जात लिहा, रात्री बंद असणारी शाळा, मंडईचं पार्किंग, पाण्याच्या टाकीखालचं आवार, उजेड आणि वॉचमन असेल असं काहीतरी. नुसती जागा द्या म्हटलं तर फाइल फिरत राहते.

बाहेरच्या चार्जरचं विचारलंत. तिथे विजेचा दर अधिक कंपनीचा नफा अधिक १८ टक्के जीएसटी असं असतं, घरच्यापेक्षा बरंच महाग, वर भरेपर्यंत धंद्याचा वेळ जातो. रोज तिथेच भरायची असेल तर कर्जाचा हप्ता आणि चार्जिंग दोन्ही निघेल का याचा हिशेब बँकेत सही करण्यापूर्वी कागदावर मांडा, तुमच्या भागात आधीपासून ई-रिक्षा चालवणाऱ्या कुणाला तरी रोजची कमाई आणि खर्च विचारून. आणि तो महापालिकेचा अर्ज दिलात की पोचेची प्रत आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात इथेच छापते आणि त्याचं काय झालं हेही विचारत राहते.